साडेअकराची उमरगा गाडी

माझी सून हे वाचणार आणि म्हणणार, "आई, बाकी सगळं छान आहे, एवढं प्रकरण तेवढं काढून टाका." म्हणून तिला तोंड उघडायला जागाच ठेवत नाही, पहिल्याच ओळीत सांगून टाकते. चौथीत असेपर्यंत मी दिवसा चड्डी ओली करत होते. रात्री नव्हे. रात्री मी कोरडी ठणठणीत असायचे, आणि घरातल्या मोठ्या माणसांची तक्रार नेमकी हीच होती. झोपेत करणारी पोरं घरोघरी असतात, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. पण चांगली जागी असलेली, तेराचा पाढा येणारी, नऊ वर्षांची घोडी भर दुपारी बसल्या जागी ओली होते, म्हणजे तिचे लाड फार झालेत, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. लाड म्हणजे काय झाले होते ते मला आजतागायत आठवत नाही. एकुलती एक होते एवढं खरं.

आमचं घर बसस्टँडच्या मागं होतं. गाव आळंद तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं. गाव बेताचंच, पण चार रस्ते तिथं एकत्र यायचे म्हणून स्टँड गावाच्या मानानं मोठा. माझे वडील, अप्पा, तिथं कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीची एक केबिन, तिच्यात टेबल, भिंतीवर घड्याळ, समोर मायक्रोफोन आणि छपरावर पत्र्याचा भोंगा. गाडी आली की अप्पा आधी कानडीतून सांगायचे, मग मराठीतून, आणि बिदरकडची गाडी असली तर दोन वाक्यं उर्दूतूनही. घरात अप्पांचा आवाज इतका मऊ की भाकरी मागितली तरी आईला दोनदा विचारावं लागे. भोंग्यातून मात्र तोच आवाज असा भारदस्त होऊन यायचा की बसलेली माणसं आपोआप उभी राहायची. आई तव्यावर भाकरी टाकताना तो आवाज ऐकायची आणि म्हणायची, "गावाला बोलतेत बघ कसं. घरी आले की मांजर." पण तिच्या तोंडावर हसू असायचं. आमचा सगळा दिवस त्या भोंग्यावर चालायचा. गुलबर्ग्याची पहिली गाडी पुकारली की चुलीवर पाणी, अक्कलकोटची मुक्कामाची गाडी पुकारली की दिवाबत्ती. आता गुलबर्ग्याला कलबुर्गी म्हणायचं असतं, पण अप्पांच्या तोंडून मी गुलबर्गाच ऐकलं, तेव्हा इथे तेच लिहिते.

स्टँडच्या कँटीनमधून सकाळी सुसल्याचा वास यायचा, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांद्याची फोडणी आणि वरून शेंगदाण्याचं कूट. दुपारी मिरची भज्यांचा. आमच्या घरी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबट पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी, हे वर्षाचे बारा महिने. मी भाकरी चटणीशी कोरडीच खायचे, कारण पाणी प्यायची मला बंदी होती. बंदी आईनं घातली होती आणि तिच्या दृष्टीनं ती अगदी शहाणपणाची होती. आत घातलंच नाही तर बाहेर येणार कुठून? शिवाय तीळगुळाचे लाडू झाले होते, ओवा झाला होता, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या होत्या, आणि स्टँडवरच्या फळवाल्या चाचांनी दर्ग्यातून आणून दिलेला ताईत माझ्या दंडावर होताच. पाणी सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. त्या आमच्या भागातल्या उन्हात दोन पेले.

आईला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. तिला जे शिकवलं होतं तेच तिनं मला शिकवलं. आमच्या क्वार्टरला संडास नव्हता. बायका पहाटे अंधारात आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर ओढ्याकडे जायच्या. मधला सगळा दिवस धरून ठेवायचा. धरून ठेवणं हा बाईचा गुण समजला जायचा, भाकरी गोल करता येण्यासारखा. आई अभिमानानं सांगायची, "मी लग्नाच्या वऱ्हाडात उदगीरपतोर गेलते, सकाळपसनं रातीपतोर एकदा बी उठले न्हाई." ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या. मीही लहानपणापासून मान डोलवून हेच शिकले. लागली की धरायची, जास्त लागली की पाय आवळायचे, त्याहून जास्त लागली की टाच खाली घालून तिच्यावर बसायचं. वर्गात मी बराच वेळ टाचेवर बसलेली असायचे, अंड्यावरच्या कोंबडीसारखी. आणि मग कधीतरी, हसले की, शिंकले की किंवा बाईंनी अचानक नाव घेतलं की, सगळं एकदम.

शाळा स्टँडला लागूनच होती, मध्ये एक पडकी कंपाउंड भिंत. शाळेत मुलींना जायला जागाच नव्हती. मधल्या सुट्टीत मुली घोळक्यानं बाभळीच्या आड जायच्या, आणि तिथं मुलगे दगड मारायचे म्हणून मी जात नसे. वर्गात मला सगळे 'नळ' म्हणायचे. कुणीतरी हळूच म्हणायचं, "नळ आला रे, घागरी आणा," आणि मागच्या रांगा फिदीफिदी हसायच्या. मी पण हसायचे. हसल्यावर काय व्हायचं ते वर सांगितलंच.

आमच्या बिराजदार बाई रोज आळंदहून येऊन-जाऊन करायच्या. कडक इस्त्रीची साडी, ताठ मान. मधल्या सुट्टीखेरीज कुणाला सोडायचं नाही हा त्यांचा नियम. "एकीला सोडलं की सगळा वर्ग उठंल," म्हणायच्या. मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्या भूगोल शिकवत होत्या आणि माझ्याखालून ओघळ निघाला तो थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत गेला. बाईंनी पदर सावरून पाय वर घेतले. त्या रागावल्या नाहीत, हेच मला भयंकर वाटलं. संध्याकाळी त्यांनी अप्पांना बोलावून सांगितलं, "पोरगी हुशार हाय. पण पोरांचं शिक्षण व्हायलं न्हाई हिच्यापायी. आधी घरी ठिवून नीट करा, मग आणा." आईनं त्याच रात्री ठरवून टाकलं की मला माझ्या मामाकडे, मादन हिप्परग्याला ठेवायचं. शेतात राहील, गुरं बघेल, बरी झाली की पुढच्या वर्षी शाळा. माझ्या मामेबहिणी अशाच पुढच्या वर्षी शाळेत जायच्या होत्या, आणि त्यांची लग्नं झाली होती. मला एवढं कळत होतं. मी पांघरुणात तोंड घालून रडले, आणि रडताना कोरडीच राहिले, याचा मला जास्तच राग आला.

हिप्परग्याला जायचं निमित्त येळवशीचं होतं. येळ अमावास्येला आमच्या भागात गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आणि दिवसभर खायचं. बाजरीचे उंडे, हिरवे वाटाणे, तूर, हरभरा आणि मिळतील तेवढ्या भाज्या घालून केलेली बेसनातली भज्जी, गव्हाची खीर, आणि मडकी भरभरून आंबील. ताकातली ती ज्वारीची आंबील गार असते, लसणाचा वास येतो, आणि ती ओरपताना ओठांवर पांढरी मिशी येते. सगळे ओरपत होते आणि मी तांब्या उलटा घालून बसले होते.

हे पाहिलं माझ्या मोठ्या मावशीनं. मावशी संतपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होती. जाडजूड, मोठ्या आवाजाची, तिकडे राहून तिच्या बोलण्यात तेलुगूही शिरलं होतं. तिनं सरळ विचारलं, "ही पोरगी आंबील कामून पीत न्हाई?" आईनं मान खाली घालून हळू आवाजात सगळं सांगितलं. मावशीला हळू आवाज माहीतच नव्हता. ती म्हणाली, "म्हंजे तहानेनं मारायलाव व्हय हिला?" आणि तिथंच, कोपीच्या सावलीत बसलेल्या बायकांना तिनं एकेक करून विचारायला सुरुवात केली, "तू शेवटची कवा गेलतीस? आणि तू?" मामी म्हणाली, पहाटे. शेजारच्या शेतातली म्हातारी म्हणाली, पहाटेच की. आई म्हणाली, "मी पहाटे बी न्हाई गेले, गाडीची गडबड हुती." सूर्य माथ्यावर आला होता. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "सगळ्याजणी उठा," ती म्हणाली, "तुरीत जाऊन या आधी. मग मी बोलते." आणि नऊवारी, पाचवारी अशा आठ बायका एकामागून एक तुरीच्या पिकात शिरल्या. पुरुष मंडळी उगीचच आभाळाकडे बघत राहिली. मला ते दृश्य आठवलं की अजून हसू येतं, आणि आता हसायला मला कसलीच भीती नाही.

मग मावशीनं मला मांडीशी घेतलं आणि जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी आयांना सांगितलं आहे. "ही खोड बी न्हाई आणि लाड बी न्हाई. पोटात पाण्याची एक पिशवी असती. तू धरून धरून तिला सांगायचं इसरायला लावलंस. आता ती सांगतच न्हाई, आणि सांगती तवा घाईनं सांगती. पानी कमी पेलं की आतलं पानी जहाल हुतंय, पिशवीला झोंबतंय, मग ती कवा बी आवळती." तिनं माझं पोट दाबून पाहिलं आणि परसाकडे रोज होते का विचारलं. रोज होत नव्हती. "मग पिशवीला जागा तरी कुठं हाय?" पाणी सहा पेले, दिवसभरात थोडं थोडं. पालेभाजी, ताक, पेरू. आणि दर दोन तासांनी जायचं, लागली असली तरी, नसली तरी. बसल्यावर घाई करायची नाही, पाय नीट टेकवून, अंग सैल सोडून बसायचं, झाल्यावरही थोडं थांबायचं. "आणि वली केली तर कुणी वरडायचं न्हाई. कळलं का, सुमित्रा?" सुमित्रा म्हणजे माझी आई. ती म्हणाली, "व्हय अक्का." मावशीपुढे तीसुद्धा मांजरच होती.

अडचण घड्याळाची होती. वर्गात घड्याळ नव्हतं, आणि शिपाई घंटा त्याच्या तंबाखूच्या सवडीनं द्यायचा. दोन तास झाले हे मला कळणार कसं? सगळे विचारात पडले तेव्हा पुरुषांत बसलेले अप्पा त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "माझ्या गाड्या हायत की." साडेअकराला उमरगा आणि साडेतीनला अक्कलकोट. दोन्ही पुकारे शाळेत स्वच्छ ऐकू यायचे. मधली दीडची वेळ जेवायच्या सुट्टीची. आणि जागा स्टँडवरच्या 'लेडीज'ची. तिथं दार होतं, दाराला कडी होती, पाण्याचा हौद होता. आमच्या घरच्या बायका तिथं कधी जात नसत, कारण ती प्रवाशांची जागा. आपल्याला कुठं गावाला जायचंय?

मला हिप्परग्याला न ठेवता परत आणलं आणि अप्पा बाईंकडे गेले. काय बोलले मला माहीत नाही. आधी भिंतीशी उभं राहून बराच वेळ घसा खाकरत होते एवढं दिसलं. बाईंनी शिवरात्रीपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं नाही तर नाव काढायचं. रोज दोनदा वर्गातून उठून जायची परवानगी, पण गुपचूप, दुसऱ्या मुलांना न सांगता.

तर अशी माझी ड्यूटी सुरू झाली. अप्पाच तिला ड्यूटी म्हणायचे. भोंग्यातून आवाज यायचा, "साडेअकराची उमरग्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," की मी पुस्तक मिटून उठायचे, पडक्या भिंतीवरून पलीकडे उडी मारायचे. लेडीजच्या दाराशी तायव्वा बसलेली असायची. ती तिथली झाडलोट करायची, कमरेला किल्ली, तोंडात पान, मराठी कामापुरतं. मला बघितलं की "बारव्वा", ये ग बाई, म्हणून दार उघडायची आणि बाहेर पाठ करून उभी राहायची, पहारेकऱ्यासारखी. आत बसल्यावर घाई करायची नाही हे फार अवघड होतं. त्यासाठी मी युक्ती काढली. अप्पांकडून उमरग्यापर्यंतचे सगळे थांबे पाठ करून घेतले आणि बसल्या बसल्या मनातल्या मनात गाडी सोडायचे. उमरग्याला पोचेपर्यंत उठायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकदाच ओली झाले, तेही शनिवारी, सकाळच्या शाळेला. आई ओरडली नाही. तोंड उघडलं होतं, पण तिला मावशी आठवली असणार, ते तसंच मिटलं. आणि एक दिवस मी लेडीजच्या दाराशी पोचते तर आतून आईच बाहेर येत होती. मला बघून गडबडली. "तायव्वाला ताक द्यायला आले हुते," म्हणाली. तायव्वाच्या हातात ताक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस उमरग्याची गाडी आलीच नाही. पुकारा नाही. मी टाचेवर बसले. मला आतून कळत होतं, पण मी भोंग्याची वाट बघत राहिले, कारण मला उठायची परवानगी भोंग्याची होती, माझी नव्हती. शेवटी जे व्हायचं ते झालं. बाईंनी नुसतं पाहिलं आणि फळ्याकडे वळल्या. संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा अप्पा जेवता जेवता थांबले. त्यांनी एकच विचारलं, "गाडीची वाट बघत बसलीस?" मी हो म्हटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्यानंतर मात्र नवल झालं. साडेअकराची उमरगा गाडी एकदाही चुकली नाही. रोज ठरल्या वेळी पुकारा. साडेतीनची अक्कलकोटही तशीच. मी वर्गात बढाई मारायचे की आमच्या अप्पांनी ड्रायव्हरांना तंबी दिलीय. दिवसामागून दिवस कोरडे जात होते. चेहऱ्यावर तेज आलं असं आई म्हणायची. मी पाणी पीत होते, पेरू खात होते, मोकळेपणी शिंकत होते.

शिवरात्रीला आठवडा राहिला असेल. साडेअकराचा पुकारा झाला, मी उडी मारून लेडीजला गेले, नीट उमरग्यापर्यंत जाऊन आले, आणि बाहेर येते तर केबिनच्या खिडकीशी ही गर्दी. बोचकी, पिशव्या, एका बाईच्या काखेत कोंबडी. फलाटावर गाडी नव्हतीच. एक तुरीचे अडत्ये, नेहमी उमरग्याला जाणारे, तावातावानं हात नाचवत होते. "हे रोजचं हाय साहेब. गाडी लागली, गाडी लागली, आणि गाडीचा पत्ता न्हाई. आमी बोचकी उचलून पळायचं आणि परत येऊन बसायचं." मागून कुणीतरी म्हणालं, "किधर है जी गाडी? खाली पुकारतैं, आती नै." आणि ज्यांना हे सांगणं चाललं होतं ते सफारीतले साहेब नुकतेच जीपमधून उतरले होते. गुलबर्ग्याहून तपासणीला आलेले.

साहेब अप्पांना म्हणाले, "मी त्याच रस्त्यानं आलोय. ती गाडी वाटंत पंक्चर होऊन उभी हाय. चाक काढून ठिवलंय मी माझ्या डोळ्यानं बघितलो. आणि तुमी हितं गाडी लागली म्हणून सांगायलाव?"

"चूक झाली साहेब," अप्पा म्हणाले.

"चूक एकदा हुती. हे तर महिनाभर म्हणून सांगायलेत. कामून करायलाव असं?"

तेवढ्यात जाळीतून अप्पांची नजर माझ्यावर गेली, आणि त्यांनी हातानं हळूच खूण केली, जा, शाळेत जा. त्या खुणेनं मला सगळं उमगलं. गाड्या वेळेवर येतच नव्हत्या. अप्पा रोज माझ्यासाठी नसलेल्या गाड्या फलाटावर आणत होते. आणि आता ते सांगणार नव्हते. पोरगी चड्डी ओली करते हे तीस माणसांपुढे सांगण्यापेक्षा त्यांनी नोकरी जाऊ दिली असती. साहेबांनी खिशातून पेन काढलं. "नाव सांगा तुमचं पूर्ण. वर कळवावं लागंल मला."

मी पुढे झाले. मला वाटलं, आता इथंच होणार. पण मी नुकतीच जाऊन आले होते.

"साहेब," मी म्हटलं, "ती गाडी माझी हाय."

साहेबांनी खाली बघितलं. "कुणाची पोरगी ही?"

"ह्यांची. मला साडेअकराला लघवीला जायचं असतंय. वर्गात घड्याळ न्हाई. अप्पांनी पुकारलं की मी येते. एकदा गाडी आली न्हाई, तर माझं वर्गातच झालं. मग मला शाळेतून काढणार हुते. म्हणून अप्पा पुकारायलेत."

इतकं सलग मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. मग मागून तायव्वा पुढे आली आणि साहेबांना म्हणाली, "खरं हाय साब. रोज येते. मी दार धरते." साहेब अप्पांकडे वळले. अप्पांनी मान खाली घातली होती, आणि ते रडत होते. भोंगा चालूच राहिला होता, त्यामुळे त्यांनी नाक ओढलं ते साऱ्या गावाला ऐकू गेलं.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "तुमाला पोरीला येळच कळवायची हुती ना?"

"व्हय साहेब."

"मग साडेअकराला बरोबर, 'साडेअकराची उमरगा गाडी उशिरा हाय,' असं सांगायला काय अडचण हुती? तिला बी कळलं असतं, ह्यांना बी कळलं असतं. खोटं कशाला पाहिजे हुतं?"

"सुचलं न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. आणि पहिल्यांदा हसले ते अडत्येच. मग कोंबडीवाली, मग सगळेच. एक म्हातारी तायव्वाला म्हणाली, "ती जाऊन आली, मग आमी कामून बसलाव? उघड ग बाई दार." आणि गाडी नव्हतीच तर बायका लेडीजपुढे रांगेत लागल्या. साहेब चहा पिऊन, पुन्हा असं केलंत तर बघा म्हणून, जीपमधून निघून गेले.

परत जाताना अप्पांनी मला भिंतीपर्यंत सोडलं. "सांगायचं न्हवतं तू," म्हणाले. "गावभर झालं आता." मी म्हटलं, "झालं तर झालं." ते मी त्यांना धीर द्यायला म्हटलं. खरं तर मला उद्याची भीती वाटत होती. भोंगा चालू होता म्हणजे शाळेतही सगळं ऐकू गेलं होतं, माझं बोलणंसुद्धा. उद्या वर्गात 'नळ' म्हणणाऱ्यांना मी स्वतःच्या तोंडानं खाद्य दिलं होतं. आणि गुपचूप जायची बाईंची अट मी मोडली होती, तीही भोंग्यावरून.

दुसऱ्या दिवशी मी मान वर न करता वर्गात बसले. कुणी काही म्हणालं नाही, सगळे बाईंकडे बघत होते. बाई गणित शिकवत होत्या. मग भोंगा वाजला, अप्पांचा आवाज आला, जरा जपून, एकेक शब्द वेगळा करत, "साडेअकराची उमरगा गाडी आज अर्धा तास उशिरा येणार आहे." मी उठू की नको अशी अर्धवट उभी राहिले. बाईंनी खडू खाली ठेवला. वर्गाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आणिक कुणाला जायचं असंल तर हिच्यासंगं जा."

कुणीच हललं नाही. मग खिडकीजवळची एक उठली. मग तिच्या शेजारची. मग बघता बघता वर्गातल्या बाकीच्या अकराच्या अकरा मुली उभ्या होत्या, मला नळ म्हणणाऱ्यासुद्धा, आणि त्यातल्या दोघी तर पाय आवळूनच उभ्या होत्या. मी पुढे झाले, भिंत कुठून ओलांडायची ते मलाच ठाऊक होतं. रांग लेडीजपर्यंत पोचली. तायव्वानं एवढ्या पोरी बघून तोंडातलं पान थुंकलं आणि कमरेची किल्ली काढली. आत जाण्याआधी मी मागे वळून पोरी मोजल्या, कुणी राहिली तर नाही ना म्हणून. अकराच्या मागे, इस्त्रीची साडी सावरत, कुणाकडेही न बघता, बिराजदार बाई उभ्या होत्या.